नियम बदलत गेले तेव्हा कौन्सिल कशी चालली : इंग्लंडमधील एका करदात्याचा अभिप्राय

दुकानाची सेवा पसंत पडली नाही, तर माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातो. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, बाबतीत ही सोय नाही. दुसरी कौन्सिल हवी असेल तर घरच बदलावे लागते. बहुधा म्हणूनच तिच्या सेवेवर कुणी अभिप्राय लिहीत नाही. तरीही, कौन्सिल टॅक्सचे हप्ते नियमाने भरणारा ग्राहक या नात्याने, कोविडच्या साथीत २३ मार्च २०२० रोजी पहिली टाळेबंदी जाहीर झाल्यापासून २४ फेब्रुवारी २०२२ रोजी विलगीकरणाची कायदेशीर सक्ती उठेपर्यंत मला मिळालेल्या सेवांविषयी लिहावे असे वाटते. इंग्लंडच्या ज्या भागात मी राहतो तिथे कौन्सिली दोन आहेत. घरोघरचा कचरा उचलणे, कौन्सिल टॅक्स आणि घरभाड्याची मदत ही कामे डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे असतात, तर ग्रंथालये, जन्म-मृत्यूची नोंदणी आणि मोठा कचरा नेऊन टाकण्याचे केंद्र, ज्याला इथे सगळे ‘टिप’ म्हणतात, ही कामे काउंटी कौन्सिलकडे. एरवी ही विभागणी कुणाच्या लक्षातही येत नाही. साथीच्या काळात मात्र कुणाकडे विचारणा करायची, हाच पहिला प्रश्न होऊन बसला.

कौन्सिलला दोष देण्यापूर्वी एक गोष्ट मान्य करायला हवी, ती ही की नियम तिने केलेले नव्हते. ते लंडनमध्ये ठरत, सायंकाळी दूरचित्रवाणीवर जाहीर होत आणि कौन्सिलच्या कर्मचाऱ्यांना ते बऱ्याचदा आपल्याबरोबरच कळत. १९ डिसेंबर २०२० च्या शनिवारी दुपारी चौथ्या श्रेणीची, म्हणजे सर्वांत कडक स्थानिक निर्बंधांची, घोषणा झाली आणि त्याच मध्यरात्रीपासून ती लंडन व आग्नेय इंग्लंडच्या बऱ्याच भागात लागू झाली. मधल्या काही तासांत कोणत्या कार्यालयाने आपले वेळापत्रक नव्याने आखावे? त्यामुळे कौन्सिलने किती वेगाने बदल केले, हा निकष मी लावलेला नाही. नियम बदलल्यावर मला, म्हणजे सेवा घेणाऱ्याला, किती गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या, एवढेच मी पाहिले आहे.

या निकषावर सर्वांत चांगली ठरली ती टिप. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली आणि पुढचे काही आठवडे आमच्या गॅरेजमध्ये जुनी गादी, मोडके कपाट आणि बागेतला कापलेला पाला यांचा ढीग साचला. मे महिन्यात ती पुन्हा उघडली तेव्हा रांगा मुख्य रस्त्यापर्यंत लागतील हे उघड होते, आणि पहिल्या काही दिवसांत त्या तशा लागल्याही. मग काउंटीने बुकिंग सुरू केले. गाडीचा क्रमांक आणि पत्ता द्यायचा, अर्ध्या तासाचा स्लॉट निवडायचा, फाटकावर क्रमांक तपासून आत सोडायचे आणि स्वतःचे सामान स्वतःच उतरवायचे, कारण कर्मचारी हात लावणार नाहीत. व्यवस्था साधी होती, आणि तिचे खरे मोल नोव्हेंबरमध्ये कळले. ५ नोव्हेंबर ते २ डिसेंबर २०२० ची दुसरी टाळेबंदी आली, जानेवारी २०२१ मध्ये तिसरी आली, दोन्ही वेळा टिप उघडी राहिली आणि मला नवीन काहीच शिकावे लागले नाही. निर्बंध कडक झाले की एका स्लॉटमधल्या गाड्या कमी करायच्या आणि सैल झाले की वाढवायच्या, एवढाच बदल पडद्याआड होत असावा. फाटकावरच्या माणसाने भर थंडीत कधी आवाज चढवला नाही, हेही नोंदवतो. एक त्रुटी मात्र राहिली : ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना या व्यवस्थेत जागाच नव्हती, कारण पायी येणाऱ्याचा गाडी क्रमांक संगणकाला हवा होता.

घरोघरचा कचरा नियमित उचलला गेला. बागेतल्या कचऱ्याची गाडी वसंतात काही आठवडे बंद होती, पण तसे आधी कळवले होते. घरात कुणी बाधित असेल तर त्याचा कचरा दोन पिशव्यांत बांधून ७२ तास वेगळा ठेवावा, ही सूचना स्पष्ट शब्दांत आली. याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही, आणि कचऱ्याच्या सेवेला याहून मोठी पावती मला सुचत नाही.

ग्रंथालयाचे परीक्षण करताना मन दुभंगते. पहिल्या टाळेबंदीत त्यांनी घरी असलेल्या पुस्तकांची मुदत आपोआप वाढवली, दंड थांबवला, ई-पुस्तकांची संख्या वाढवली. हे सर्व न मागता झाले. ४ जुलै २०२० पासून ग्रंथालये उघडण्याची परवानगी मिळाली, तेव्हा आमच्या शाखेने ‘मागवा आणि न्या’ ही पद्धत आणली. आपण फॉर्मवर आवडीचे विषय लिहायचे, ग्रंथपालांनी पाच-सहा पुस्तके निवडून पिशवीत भरून दारात ठेवायची. परत आलेली पुस्तके ७२ तास बाजूला ठेवत. ही पद्धत मला इतकी आवडली की एरवी मी ज्या लेखकांच्या वाटेला गेलो नसतो ते याच पिशव्यांतून माझ्यापर्यंत आले. नोव्हेंबरमधील आणि जानेवारीतील टाळेबंदीतही नियमांनी या पद्धतीला मुभा दिली होती. इथेच आमच्या शाखेने गोंधळ केला. ऑक्टोबरमध्ये ‘आता आत येऊन पुस्तके पाहता येतील’ म्हणून पिशव्यांची सेवा बंद केली, नोव्हेंबरमध्ये ती नव्या फॉर्मसह सुरू केली, डिसेंबरमध्ये पुन्हा बंद केली, जानेवारीत तिसऱ्या फॉर्मसह पुन्हा सुरू केली. १२ एप्रिल २०२१ नंतर कपाटांपाशी उभे राहून पुस्तके चाळता येऊ लागली, तोपर्यंत माझ्याजवळ एकाच कामाचे तीन फॉर्म जमा झाले होते. टिपेवर जे एकदा बसवले ते टिकले. ग्रंथालयाने चांगली वस्तू हाती असताना ती दर घोषणेगणिक मोडून पुन्हा जोडली.

दूरध्वनीवरील मदतीबद्दल मात्र कृतज्ञतेनेच लिहावे लागेल. माझ्या सासूबाई आमच्याकडे राहतात आणि त्यांचे नाव अतिजोखमीच्या रुग्णांच्या यादीत होते. सरकारतर्फे दर आठवड्याला घरपोच येणारे शिध्याचे खोके ३१ जुलै २०२० नंतर थांबले, पण कौन्सिलचा फोन थांबला नाही. फोन करणाऱ्या बाई एरवी कौन्सिलच्या क्रीडा केंद्रात स्वागतकक्षात काम करत; केंद्र बंद असल्याने त्यांना या कामावर घेतले होते. सासूबाईंचे इंग्रजी जुजबी आणि त्यांचे बोलणे सावकाश, तरी त्या बाईंनी कधी घाई केली नाही. औषधे संपत आली आहेत का, घराबाहेर पडता का, कुणाशी बोलता का, हे तीन प्रश्न त्या दर वेळी त्याच क्रमाने विचारत. नोव्हेंबरमध्ये नियम पुन्हा बदलले तेव्हा सासूबाईंना आलेल्या सरकारी पत्रापेक्षा त्यांच्या फोनमधून आम्हाला अधिक कळले. या सेवेसाठी कोणतेही पोर्टल उघडावे लागले नाही.

पोर्टलचा विषय निघालाच आहे, तर सर्वांत वाईट अनुभवही सांगतो. विलगीकरणात राहावे लागणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींना ५०० पौंडांची मदत २८ सप्टेंबर २०२० पासून लागू झाली आणि ती वाटण्याचे काम डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे आले. त्यासाठी टेस्ट अँड ट्रेस या बाधितांचे संपर्क शोधणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून मिळालेला क्रमांक, उत्पन्नाचा पुरावा, घरून काम करता येत नसल्याबद्दल मालकाचे पत्र आणि बँकेचे विवरण एवढे जोडावे लागे. आमच्या ओळखीच्या, गोदामात काम करणाऱ्या एका तरुणाचा अर्ज मी स्वतः भरून दिला. बँकेच्या विवरणाचे छायाचित्र आकाराने मोठे आहे म्हणून पोर्टलने ते दोनदा नाकारले, फोनवर काउंटीचा क्रमांक मिळाला, काउंटीने डिस्ट्रिक्टकडे पाठवले, आणि मंजुरी आली तोपर्यंत त्याचे विलगीकरण संपून तो कामावर रुजू झाला होता. घराबाहेर पडू नये म्हणून द्यायचा पैसा माणूस बाहेर पडल्यानंतर मिळाला. निकष केंद्राचे होते, हे खरे. शाळेने घरी पाठवलेल्या मुलांच्या पालकांचा तर त्यांत ८ मार्च २०२१ पर्यंत समावेशही नव्हता. पण छायाचित्राच्या आकाराची मर्यादा काही केंद्राने घातली नव्हती.

सूचना देण्याच्या बाबतीतही दोन्ही कौन्सिली कमी पडल्या. १४ ऑक्टोबर २०२० पासून तीन श्रेणींची पद्धत आली, आणि ‘आमच्या भागात आज काय चालू आहे’ या एकाच प्रश्नाचे उत्तर एका पानावर मिळणे आवश्यक झाले. प्रत्यक्षात डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर केंद्राच्या नियमांची प्रत होती, काउंटीच्या संकेतस्थळावर जुन्या सूचनेच्या वर नवी सूचना चिकटवलेली होती, आणि कोणती कधीची हे ओळखायला तारीख नव्हती. बसथांब्यावर लावलेला छापील कागद सर्वांत उपयोगी ठरला, कारण त्याच्या कोपऱ्यात तरी तारीख होती.

कौन्सिलच्या सभा ही सेवा मानावी का, याबद्दल मतभेद असतील, मी मानतो. ४ एप्रिल २०२० पासून त्या दूरस्थ पद्धतीने घेण्याची मुभा मिळाली. हँडफर्थ येथील पॅरिश (गावपातळीवरच्या) कौन्सिलच्या डिसेंबर २०२० मधील सभेतल्या वादावादीची ध्वनिचित्रफीत पुढच्या फेब्रुवारीत जगभर पाहिली गेली आणि लोक पोट धरून हसले, पण माझ्यासारख्याने गावच्या सभेचे कामकाज पहिल्यांदा पाहिले ते याच सोयीमुळे. आमच्या नियोजन समितीची सभा मी स्वयंपाकघरात बसून ऐकली आणि एका प्रस्तावावर तीन मिनिटे बोललोही. ती मुभा मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात संपली. ती सुरू ठेवता यावी म्हणून उच्च न्यायालयात केलेला अर्ज २८ एप्रिल रोजी फेटाळला गेला होता. वेल्सने मात्र त्याच वर्षी कायदा करून दूरस्थ सहभागाची सोय कायम केली.

मृत्यूची नोंदणी दूरध्वनीवर करता येण्याची तरतूदही अशीच तात्पुरती होती. एका मित्राच्या वडिलांच्या निधनानंतर त्याने ती नोंदणी घरी बसून अर्ध्या तासात केली; निबंधकांनी प्रत्येक नावाचे स्पेलिंग अक्षर अक्षर विचारून पुन्हा वाचून दाखवले. ही सोय २४ मार्च २०२२ रोजी संपली आणि शोकातल्या माणसाला पुन्हा वेळ ठरवून कार्यालयात जाणे आले.

टिपेचे बुकिंग मात्र अजून चालू आहे. ते कायम ठेवावे का, अशी प्रश्नावली काउंटीने पाठवली तेव्हा मी होकार कळवला आणि ‘इतर सूचना’ या चौकटीत लिहिले की पायी येणाऱ्यांसाठीही एक स्लॉट ठेवावा. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.