निटिनॉलची पाच मीटर तार: माल चोख, सोबतची चिठ्ठी अपुरी

आमच्या तंत्रनिकेतनातील धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी गेल्या सत्रात मी ०.५ मिलिमीटर व्यासाच्या निटिनॉल (निकेल-टायटॅनियम मिश्रधातू) तारेची पाच मीटरची गुंडाळी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली. उष्णोपचार करून तयार केलेली तारही बाजारात मिळते, परंतु मी मुद्दाम डायमधून (अरुंद छिद्राच्या साच्यातून) थंड अवस्थेत ओढलेली, भट्टी न पाहिलेली तार घेतली. निकेल आणि टायटॅनियम यांचे प्रमाण तेच राहूनही केवळ ओढकाम आणि तापवणे यांमुळे या मिश्रधातूचे वागणे किती बदलते, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी अनुभवावे, अशी माझी इच्छा होती.

पहिल्याच दिवशी एका विद्यार्थ्याने तारेचे कडे वळवून ते उकळत्या पाण्यात सोडले आणि काहीच घडले नाही. माल बनावट असल्याची शंका लगेच व्यक्त झाली, पण ती चुकीची होती. निटिनॉलची आकारस्मृती, म्हणजे वाकवल्यावर तापवताच मूळ आकारात परतण्याचा गुण, ऑस्टेनाइट आणि मार्टेन्साइट या दोन स्फटिकरचनांमधील उलटसुलट बदलावर चालते आणि त्या बदलात अणूंच्या रांगांना एकमेकींच्या मेळाने सरकावे लागते. डायमधून ओढताना स्फटिकांत डिसलोकेशनची (अणूंच्या रांगांमधील रेषेसारख्या दोषांची) इतकी दाट गुंतागुंत होते की हे सरकणे अडून राहते, आणि तार एखाद्या कडक स्प्रिंगसारखी वागते. सोबतच्या चिठ्ठीत एवढे एक वाक्य असते, तर वर्गातील निम्मा तास वाचला असता.

त्यानंतर पोलादी पट्टीवर स्क्रूंनी सरळ आवळलेले तुकडे आम्ही मफल भट्टीत ठेवले. ५०० अंश सेल्सिअसला दहा मिनिटे ठेवून लगेच पाण्यात बुडवलेला तुकडा या तारेची खरी गुणवत्ता दाखवतो. १२ मिलिमीटरच्या सळईभोवती गुंडाळल्यावर तारेच्या बाहेरील पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के विकृती (ताणामुळे लांबीत पडणारा फरक) येते. साध्या पोलादी तारेला एवढ्यात कायमचा बाक आला असता, पण हा तुकडा सोडताच सरळ झाला. ८ मिलिमीटरच्या सळईवर, म्हणजे जवळपास ६ टक्क्यांना, किंचित बाक उरला. या तापमानाला गुंतागुंत सैल होते, अंतर्गत ताण उतरतो, मात्र सगळी डिसलोकेशने पुसली जात नाहीत, आणि जी उरतात तीच धातूला कायमचे घसरण्यापासून रोखतात. ओढकामाने मिळालेला कणखरपणा पुरता घालवायचा नाही, पण स्फटिकबदलाला वाट मोकळी करून द्यायची, एवढेच या उष्णोपचाराचे मर्म आहे.

ही मर्यादा ओलांडली की काय होते, तेही पाहिले. ६५० अंशांना अर्धा तास ठेवलेल्या तुकड्यावर जाड, काळपट ऑक्साइडचा थर आला आणि आत नवे, डिसलोकेशनविरहित स्फटिक तयार झाल्यामुळे तो मऊ पडला. १२ मिलिमीटरच्या सळईवर त्याला ठळक बाक आला आणि गरम पाण्यातही तो पुरता निघाला नाही.

सर्वांत बोलका प्रयोग ४०० अंशांना तासभर ठेवलेल्या तुकड्याचा ठरला. या तारेत अणूंच्या हिशेबाने ५०.८ टक्के निकेल आहे. अशा निकेलबहुल मिश्रधातूत या तापमानाला टायटॅनियमचे तीन आणि निकेलचे चार अणू या प्रमाणातील सूक्ष्म कण वेगळे होतात, आजूबाजूच्या धातूतील निकेल कमी होते आणि रूपांतराचे तापमान, म्हणजे ज्याच्या वर तार ऑस्टेनाइट होऊन मूळ आकार धरते ते, वर चढते. निकेलमधील एक दशांश टक्क्याचा फरकही हे तापमान सुमारे दहा अंशांनी हलवू शकतो. हा तुकडा थंड पाण्यात वाकवला की तसाच वाकलेला राहत होता, आणि पाणी हळूहळू तापवत नेले तेव्हा ३८ अंशांच्या आसपास तो पूर्ण सरळ झाला. तो उलगडताना पाहून मागच्या बाकावरचे विद्यार्थीही उठून टेबलाभोवती आले.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे. चिठ्ठीवर रूपांतराचे तापमान म्हणून केवळ ‘उणे १५ अंश’ एवढेच छापले होते. तो आकडा पूर्ण अनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) मूळ ओतीव गोळ्याचा होता, हातातील तारेचा नव्हे, आणि विशिष्ट उष्णोपचारानंतर मिळणाऱ्या तापमानाचा तर नव्हेच. ज्याला हा भेद ठाऊक नाही, तो आपले मोजमापच चुकले असे समजेल. ईमेल पाठवल्यावर तीन दिवसांनी चाचणी प्रमाणपत्र आले आणि त्यात हा खुलासा होता, शिवाय शेवटच्या ओढकामात काटछेद ४० टक्के घटवल्याची नोंदही होती. माहिती विक्रेत्याकडे होतीच. ती पाकिटात घालायला हवी होती.

बाकी तारेबद्दल समाधान आहे. मायक्रोमीटरने दहा ठिकाणी मोजलेल्या व्यासात ०.०१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आढळला नाही. तोडताना साध्या पक्कडीच्या धारेला खाचा पडतात, त्यासाठी कठीण धातूचे कटर लागते. भट्टीचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) मात्र आधी तपासून घ्यावा. आमच्या भट्टीत दारापाशी आणि मध्यभागी १५ अंशांचा फरक निघाला आणि एकाच वेळी ठेवलेले दोन तुकडे वेगळे वागले, तो दोष तारेचा नव्हता.

खात्रीची भट्टी असलेल्या प्रयोगशाळांनी ही तार जरूर घ्यावी. भट्टी नसेल, तर उष्णोपचारित तारच मागवावी. मी पाचपैकी चार गुण देतो. पुढच्या सत्रासाठी दहा मीटरची मागणी नोंदवली आहे, आणि एकाच लॉटमधील तार व तिचे प्रमाणपत्र पाकिटातच मिळावे, असे मागणीपत्रात लिहिले आहे.