ट्यूबलेस पंक्चर किट: शोमरोन्याच्या पिशवीतली वस्तू

दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळणारं ट्यूबलेस पंक्चर किट घ्यावं का? गाडीला अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर असतील तर जरूर घ्यावं. स्पोकची रिंग असेल तर बहुतेक वेळा पैसे वाया जातात, कारण आत ट्यूब असते आणि किटमधली स्ट्रिप, म्हणजे भोकात कोंबायची चिकट पट्टी, ट्यूबच्या भोकाला चालत नाही. टायरच्या बाजूवर 'ट्यूबलेस' छापलेलं आहे एवढ्यावर जाऊ नका. तसलाच टायर स्पोकच्या रिंगवर ट्यूब घालून सर्रास बसवलेला असतो. व्हॉल्व्हकडे बघा: सरळ धातूची नळी आणि रिंगलगत नट दिसला तर बहुधा आत ट्यूब आहे. बुडाशी जाड रबर असेल तर ट्यूबलेस. शंका असेल तर हवा भरणाऱ्याला विचारा, तो एका नजरेत सांगेल.

हा आढावा मुख्यतः मंडळीच्या (चर्चच्या) कामासाठी दुचाकीवर फिरणाऱ्यांसाठी आहे: घरभेटीला जाणारे पाळक, जत-आटपाडीकडच्या प्रार्थनासभेहून रात्री परतणारे सेवक, मिरजेला हॉस्पिटलात पेशंटला भेटून उशिरा निघणारे नातेवाईक. या माणसांच्या तोंडी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट नेहमी असते. त्या गोष्टीतल्या एका तपशिलाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायातला तो प्रवासी, लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवतो आणि उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो. तेल, द्राक्षारस, पैसे, हे सगळं त्याच्याजवळ होतं म्हणून कामी आलं. यरुशलेमेहून यरीहोला उतरणारी ती वाट हजार मीटरच्या आसपास खाली जाते, ओसाड आहे, तिथे दुकान नव्हतं. कळवळा आला, पण पिशवी रिकामी असती तर तो फार तर शेजारी बसून राहिला असता. भर रात्री विट्याच्या रस्त्यावर बंद पडलेल्या स्कूटरजवळ गाडी थांबवून "प्रार्थना करतो हं" एवढंच म्हणणं आणि खिशात सुई-स्ट्रिप असणं, यांत नेमका हाच फरक आहे.

आता वस्तूकडे. डबीत सहसा पाच गोष्टी निघतात: भोक खरवडायचा खरखरीत दांड्याचा रिमर, टोकाला चिरलेल्या डोळ्याची सुई, बोटभर लांबीच्या पाच-सहा चिकट तपकिरी स्ट्रिप, सोल्युशनची (रबर चिकटवायच्या द्रवाची) ट्यूब आणि छोटी सुरी. पक्कड क्वचितच असते, ती वेगळी घ्या. खिळा बोटांनी निघत नाही. विकत घेताना मूठ बघा. स्क्रूड्रायव्हरसारखी सरळ प्लॅस्टिकची मूठ टाळा, टी आकाराची धातूची घ्या. सुई टायरमधून घुसवायला अंगाचा जोर लागतो आणि सरळ मूठ तळहातात रुतते, स्वस्तातली तर दांड्यावर फिरायला लागते. स्ट्रिप सीलबंद वेष्टनात असाव्यात. बोटाने दाबल्यावर दबत नसतील, वाळलेल्या सुतळीसारख्या कडक लागत असतील, तर दुकानदाराला परत द्या. सोल्युशनची एक मोठी ट्यूब असण्यापेक्षा दोन-तीन छोट्या बऱ्या, कारण एकदा उघडलेली ट्यूब पुढच्या वेळेपर्यंत आत वाळून बसते. मशरूमच्या आकाराचे रबरी प्लग बसवणारे महागडे संचही मिळतात. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला साधी स्ट्रिप पुरते.

काम असं करायचं. गाडी सपाट, कडक जागेवर डबल स्टँडला लावा आणि चाक हळूहळू फिरवून खिळा शोधा. ऊसपट्ट्यात, म्हणजे वाळवा, पलूस, कराडकडे, गळीत हंगामात बैलाच्या पत्रीचे खिळे रस्त्यावर पडलेले असतात. ते सहसा दिसतात. जतकडे वेड्या बाभळीचा काटा घुसतो आणि रबरातच मोडतो, त्यामुळे वरून काहीच दिसत नाही. तिथे साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघावे लागतात, साबण नसेल तर नुसतं पाणी. भोक सापडलं तरी खिळा लगेच उपसायचा नाही. खिळा आत असेपर्यंत हवा सावकाश जाते, काढला की भसकन. आधी स्ट्रिप सुईत ओवून दोन्ही टोकं सारखी करा, तिला सोल्युशन लावा, पंप जवळ घ्या, मग पक्कड लावा. खिळा कोणत्या कोनात गेलाय ते लक्षात ठेवा, कारण रिमर आणि सुई त्याच कोनात गेली पाहिजे.

मग रिमर. बहुतेक नवखे इथेच चुकतात. खिळ्याचं भोक लहान, त्यात हा कानशीसारखा दांडा घालून पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करायचं म्हणजे टायर आणखी बिघडवतोय असं वाटतं, म्हणून लोक दोनदा फिरवून सोडून देतात. पण गुळगुळीत, धुळकट भोकात स्ट्रिप धरत नाही. कडा खरवडून कोऱ्या झाल्या तरच सोल्युशन रबराला पकडतं. न खरवडता बसवलेली स्ट्रिप पहिले काही किलोमीटर छान चालते आणि नेमकी घाटात सुटते. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायात, शांती नसताना "शांती, शांती" म्हणत लोकांची जखम वरवर बरी करणाऱ्यांवर बोट ठेवलंय. मंडळीत दोन घरांचं भांडण मिटवताना चहा पाजून, हात मिळवायला लावून, मूळ विषय न उघडता उठणारी बैठक याच जातीची. पापकबुली आधी खरवडते. ते टाळून दिलेला दिलासा किती दिवस धरेल हे टायर बरोबर दाखवतो.

सुई दाबताना स्ट्रिपची टोकं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाहेर राहतील इतकी आत न्यायची आणि न पिळता एका झटक्यात सरळ मागे ओढायची. पिळलीत किंवा हळू ओढलीत तर स्ट्रिप सुईबरोबर बाहेर येते. उरलेली टोकं तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा, साबणाच्या पाण्याने पुन्हा तपासा. वेष्टनावर 'पाच मिनिटांत' लिहिलेलं असतं. पहिल्या खेपेला अर्धा तास धरा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर चीर असेल, भोक पेन्सिलीएवढं असेल किंवा दोन भोकं अगदी शेजारी असतील, तर स्ट्रिप मारू नये. टेम्पो बोलवावा.

पंपाशिवाय किट म्हणजे अर्धंच काम. सायकलचा पंप घेत असाल तर त्याचं तोंड मोटरसायकलच्या व्हॉल्व्हला बसतं का ते दुकानातच बघून घ्या. पायाचा छोटा पंप सगळ्यात भरवशाचा. चार्जिंगचे पंप सोयीचे आहेत, पण महिनोन्‌महिने डिकीत पडून नेमक्या वेळी उतरलेले निघतात. आधीच टायरमध्ये भरून ठेवायचं जेल आम्हाला पटत नाही. बारीक काट्याला ते चालतं, पण ते व्हॉल्व्हमध्ये साचतं, पुढे आतून पॅच मारताना गॅरेजवाला कुरकुरतो, आणि आत रुतलेला खिळा कळत नसल्यामुळे माणूस बेफिकीर राहतो.

किटबरोबर हवा मोजायचा गेज घ्या, कारण दुचाकीवर जास्त त्रास एकदम बसणाऱ्या टायरपेक्षा सावकाश उतरणाऱ्या हवेचा असतो. रोज थोडी थोडी हवा जाते, सपाट सांगली-मिरज रस्त्यावर काहीच जाणवत नाही, आणि वाईहून पसरणी घाट चढताना वळणावर मागचं चाक पोहल्यासारखं होतं. आकडा किती हवा ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. मागे माणूस बसवायचा तर तो वेगळा आणि जास्त. मोजायचं मात्र सकाळी, गाडी काढण्यापूर्वी, थंड टायरवर. पंधरा-वीस किलोमीटर चालवल्यावर आतली हवा तापते, दाब काही पीएसआयने वर दिसतो आणि कमी हवेचा टायरही नीट असल्याचं वाटतं. स्तोत्र १३९ च्या शेवटी "माझी झडती घे" अशी देवाला विनंती आहे. ही झडती रविवारी उपासना संपल्यावर, गाणी म्हणून मन तापलेलं असताना घेतली, तर आकडा चांगलाच येणार. सोमवारी सकाळी, दुकानाचं शटर उघडण्याआधी किंवा मुलांवर ओरडून झाल्यावर येतो तो खरा. "टायरातली हवा म्हणजे पवित्र आत्मा" हा दृष्टांत तरुणांच्या सभेत फार चालतो. पण टायरातली हवा काही न करताही हळूहळू कमी होतच असते, एवढं सांगणाऱ्याने ध्यानात घेतलं तर बरं.

दहा कुमारींच्या दाखल्यातही (मत्तय २५) पाच शहाण्यांनी दिव्यांबरोबर भांड्यांत तेल घेतलं आणि बाकीच्या पाच जणींनी मागितलं तेव्हा दिलं नाही. शहाण्या इतक्या कठोर कशा, असा प्रश्न संडे स्कूलची मुलं हमखास विचारतात. किट हातात घेतलं की उत्तर जरा जवळ येतं. पंप उसना देता येतो, स्ट्रिपही देता येते. सुई कोणत्या कोनात घालायची ही हाताची सवय रात्री दहा वाजता यवतेश्वर घाटाच्या वळणावर कुणी कुणाला देऊ शकत नाही. म्हणून किट घेतल्यावर गॅरेजमधून एक टाकाऊ ट्यूबलेस टायर आणा, खिळ्याने चार-पाच भोकं पाडा आणि सुई घालायचा सराव करा. तरुण संघाच्या शनिवारच्या कार्यक्रमाला संगीतखुर्चीपेक्षा हे बरं. मुलींनाही करू द्या, नव्या ॲक्टिव्हाचे टायर ट्यूबलेसच असतात.

जागेचं भान ठेवा. राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या कडेला बसून चाक फिरवत राहणं जिवावर बेतू शकतं. गाडी ढकलत सर्व्हिस रोडला किंवा ढाब्याच्या आवारात न्या, नाहीतर १०३३ या महामार्ग हेल्पलाइनला फोन करा. खंबाटकी किंवा पसरणीच्या वळणावर तर अजिबात नको, पुढची रुंद जागा गाठा. दुसऱ्याला मदत करतानाही दोघांच्या गाड्या रस्त्याबाहेर आणि इंडिकेटर चालू असले पाहिजेत. सोल्युशन पेट घेतं, त्यामुळे शेजारी विडी-सिगारेट नको, आणि एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ते कायमचं ठेवू नका.

एकंदर, किमतीच्या मानाने उत्तम वस्तू. कमतरता दोन: पक्कड नसणं आणि पत्रकावरच्या मराठी सूचनांचं दरिद्री भाषांतर. स्ट्रिप ही गॅरेजपर्यंतची सोय समजा. तोवर वेग पन्नासच्या आत ठेवा, मागे कुणाला बसवू नका, आणि सवडीने टायर उघडून आतून पॅच मारून घ्या. वापरलेल्या स्ट्रिपच्या जागी नवी त्याच आठवड्यात डबीत आली पाहिजे.

दुसऱ्याचं पंक्चर काढून दिलंत तर त्याचा फोन नंबर घ्या. शोमरोनी "परत येताना अधिकचा खर्च देईन" म्हणून गेला, म्हणजे परत येणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून थंड टायरचा आकडा विचारा. रात्री भरली होती तेवढी असेल तर पॅच सवडीने चालेल. सात-आठ पीएसआय उतरली असेल तर स्ट्रिप गळतेय, गाडी न चालवता टेम्पोतून गॅरेजला न्यायला सांगा.