बिघाड केबलचा, बदलला पडदा

ऑगस्ट 2024 मध्ये म्हापशातील एका दुरुस्तीच्या दुकानात माझ्या लॅपटॉपचा धडधाकट पडदा काढून घेण्यात आला, त्याच्या जागी हलक्या प्रतीचा बसवण्यात आला आणि या कामाचे माझ्याकडून 9,000 रुपये घेण्यात आले. हे मला कळले चार महिन्यांनी, आणि त्या चार महिन्यांत मी त्या दुकानदाराचे कौतुक करून शाळेतल्या आणखी दोन शिक्षकांना त्याच्याकडे पाठवले होते. पैसे गेल्यापेक्षा हे मला जास्त लागले आहे, म्हणून झालेला प्रकार पहिल्यापासून लिहीत आहे.

मी डिचोली तालुक्यात एका शाळेत गणित शिकवतो. लॅपटॉप 2019 मध्ये घेतलेला, 15.6 इंची, खरेदीच्या बिलावर ‘फुल एचडी, आयपीएस’ असे स्पष्ट छापलेले आहे, पण त्या अक्षरांचा अर्थ समजून घेण्याची गरज मला तोवर कधी पडली नव्हती. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, पंधरा-वीस दिवसांवर आली होती आणि सुट्टीपूर्वी घटक चाचणीचे गुण भरून द्यायचे होते. एका संध्याकाळी बाहेर पाऊस धरून असताना आठवीचे गुण भरता भरता पडदा एकाएकी काळा पडला. पंख्याचा आवाज चालू होता, कॅप्स लॉकचे बटण दाबले की त्याचा बारीक दिवा लागत-विझत होता, म्हणजे यंत्र जिवंत होते. उजेड वाढवण्याची बटणे दाबून पाहिली, चार्जर काढून चालू-बंद करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले, काही फरक पडला नाही. मात्र कंटाळून झाकण मिटायला घेतले तेव्हा ते निम्मे खाली येताच पडदा लख्ख उजळला आणि पुन्हा वर करताच विझला. हे मी तीन-चार वेळा करून पाहिले. सगळ्या प्रकरणाची किल्ली याच गोष्टीत होती, हे आज कळते.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून बसने म्हापशाला नेला. दुकान नीटनेटके होते, दुकानदार तिशीतला आणि बोलण्यात अदबशीर. झाकण खाली केले की उजेड येतो हे मी त्याला आवर्जून सांगितले, नव्हे करूनही दाखवले. त्याने मान डोलावली, लॅपटॉप आत नेला, पाच मिनिटांत बाहेर येऊन म्हणाला, “सर, डिस्प्ले गेलो.” मग मराठीत समजावून सांगितले की पडद्याबरोबर ‘इन्व्हर्टर’ही जळला आहे, पावसाळ्यातल्या दमट आणि खाऱ्या हवेने आतले भाग गंजतात, गोव्यात हे नेहमीचेच आहे. या शेवटच्या वाक्याने मी पुरता गार झालो. ज्या प्रदेशात जुलै महिन्यात कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी चढते, तिथल्या माणसाला दमट हवेचे कारण पटवून द्यावे लागत नाही. माझे घर समुद्रापासून चांगले आत आहे, तिथे खारी हवा कुठून येणार, हा प्रश्न मला परतीच्या बसमध्येसुद्धा सुचला नाही.

त्याने 7,200 रुपये पडद्याचे आणि 1,800 रुपये इन्व्हर्टरचे सांगितले. विंडोजचा पासवर्ड मागितला, तोही मी चिठ्ठीवर लिहून दिला. पडदा बदलण्यासाठी पासवर्डाची काहीच गरज नसते. यंत्र सुरू होताना कंपनीचे चिन्ह आणि बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगचा, पडदा दिसतो, तेवढ्यावर दुरुस्ती तपासता येते. माझ्या लॅपटॉपात तीन तुकड्यांच्या मुलांचे गुण, जन्मतारखा आणि पालकांचे फोन नंबर होते, आणि मी ते चार दिवस अनोळखी माणसाच्या हवाली केले. जुना पडदा मला परत हवा, असे म्हणणे डोक्यातही आले नाही. मिळाली ती पावती म्हणजे वहीचा एक कागद: 22 ऑगस्ट ही तारीख, ‘डिस्प्ले + इन्व्हर्टर’ एवढे शब्द आणि रक्कम. दुकानाचे नाव किंवा शिक्का त्यावर नव्हता, जीएसटी क्रमांकही नव्हता.

लॅपटॉप परत आला तेव्हा मी खूश झालो. पडदा उजळ होता आणि अक्षरे पूर्वीपेक्षा किंचित मोठी दिसत होती. पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांना मोठी अक्षरे बरी वाटतात. दुकानदाराने काहीतरी सुधारणा करून दिली असावी असे मी धरून चाललो. पुढे निकालपत्रक उघडले तेव्हा अनुक्रमांकापासून शेऱ्यापर्यंतचे सगळे रकाने जे पूर्वी एका नजरेत मावत, त्यांतला शेऱ्याचा रकाना उजव्या कडेबाहेर गेला होता. मला वाटले, माझ्याच हातून काही सेटिंग बदलले असेल. शेजारी बसून पाहणाऱ्याला रंग विटल्यासारखे दिसत आणि पडदा जरा मागे कलला की चित्र काळपटत असे. तेही मी ‘नवीन पडदा आहे, असेल तसा’ म्हणून सोडून दिले.

नाताळच्या सुट्टीत पडदा पुन्हा काळा पडला, अगदी तसाच. सुदैवाने तेव्हा माझा भाचा घरी आला होता. तो वेर्णा औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक सर्किटांच्या चाचणीचे काम करतो. मी म्हापशाला जायची तयारी करू लागलो तेव्हा तो म्हणाला, “मामा, दहा मिनिटं थांबा. आधी बत्ती बंद करा.” खोलीतला दिवा मालवून त्याने मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरका धरला. काळ्या काचेत शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो, जो मी पार्श्वभूमीला लावला आहे, राखेत उमटावा तसा फिकट दिसू लागला. टॉर्च सरकवला की डाव्या कोपऱ्यातली फोल्डरची चिन्हेही एकेक करून दिसत होती.

त्याने जे समजावले ते थोडक्यात असे. एलसीडी पडद्यात चित्र तयार करणारा थर स्वतः उजेड देत नाही. त्याच्या मागे प्रकाश पसरवणारा पातळ तक्ता असतो आणि बहुधा खालच्या कडेला बारीक एलईडींची पट्टी. तो उजेड गेला तरी चित्र तयार होतच असते, फक्त आपल्याला दिसत नाही. टॉर्चच्या उजेडात चित्र दिसले, तर चित्राचा भाग शाबूत आहे आणि दोष मागच्या उजेडात किंवा त्याला वीज पोचवणाऱ्या वाटेत आहे. टॉर्चनेही काही दिसले नाही, तर चौकशी वेगळ्या दिशेने करावी लागते. ओएलईडी पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो, त्यामुळे तिथे ही परीक्षा लागू होत नाही. मग त्याने एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडला. टीव्हीवर सगळे स्वच्छ दिसले, म्हणजे मदरबोर्डाचा चित्र पाठवणारा भाग ठीक होता. शेवटी त्याने झाकण हळूहळू खालीवर केले. निम्म्यावर उजेड आला आणि पुढे गेला. “हे तर बिजागरीतल्या केबलचं काम आहे,” तो म्हणाला.

मदरबोर्डापासून पडद्यापर्यंत जाणारी केबल बिजागरीतून वळून जाते आणि झाकणाच्या प्रत्येक उघडझापीबरोबर तिथेच दुमडते. त्या केबलमध्ये चित्राच्या तारा वेगळ्या आणि मागच्या उजेडाला वीज नेणाऱ्या तारा वेगळ्या असतात. या दुसऱ्या तारांपैकी एखादी तुटत आली की चित्र राहते, उजेड जातो, आणि ठरावीक कोनात तारेची टोके टेकली की तो पुन्हा येतो. भाच्याने आधी बॅटरीची जोडणी सोडवली. ती तशीच ठेवून पडद्याची केबल काढली किंवा घातली, तर मदरबोर्डावरचा उजेडाचा बारीक फ्यूज उडू शकतो आणि साध्या कामाचे खर्चिक काम होते. त्याने डावी बिजागरी उघडून मला भिंगातून दाखवले: केबलचे काळे वेष्टण घासून फाटले होते, आत दोन तांबूस तंतू उघडे पडले होते आणि त्यावर कुणीतरी पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा दाबून बसवला होता. म्हणजे ऑगस्टमध्ये दुकानदाराला खरा दोष सापडला होता. ती पट्टी चार महिने टिकली. नवी केबल 950 रुपयांना आली आणि ती बसवल्यापासून पडदा कोणत्याही कोनात विझलेला नाही.

एवढ्यावर हे प्रकरण अडाणीपणाचे किंवा हलगर्जीपणाचे म्हणता आले असते. पण केबल बदलण्यासाठी चौकट उघडलीच होती, तेव्हा भाच्याने पडद्याच्या मागच्या बाजूला चिकटवलेला क्रमांक वाचला आणि तो गप्प झाला. क्रमांकाची सुरुवात एनटी156डब्ल्यूएचएम अशी होती. त्यातले 156 म्हणजे 15.6 इंच, आणि ‘डब्ल्यूएच’ या अक्षरांवरून तो पडदा 1366 गुणिले 768 ठिपक्यांचा आहे हे कळते. त्याच घराण्यातल्या फुल एचडी पडद्यावर ‘एफएच’ असते. माझ्या बिलावर फुल एचडी, म्हणजे 1920 गुणिले 1080, लिहिलेले आहे. गणिताच्या शिक्षकाने हा गुणाकार करायला चार महिने लावले: पूर्वी सुमारे 20 लाख 74 हजार ठिपके होते, आता सुमारे 10 लाख 49 हजार. दोन्ही जातींच्या पडद्यांना बहुतेकदा सारखीच 30 पिनांची जोडणी असते, म्हणून अशी अदलाबदल विनातक्रार चालते. अक्षरे मोठी झाली होती ती त्याने काही सुधारल्यामुळे नव्हे. तेवढ्याच जागेत ठिपके निम्मे उरले होते. बिलावरचे ‘आयपीएस’ म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग न विटणारा पडदा, तेही गेले होते.

“पण तुमचा आधीचा पडदा खरंच फुल एचडी होता, हे कशावरून?” दुकानदार हेच विचारणार, असे भाचा म्हणाला, आणि त्यावरचा पुरावाही त्यानेच शोधला. मी अधूनमधून पडद्याची छायाचित्रे, म्हणजे स्क्रीनशॉट, घेऊन ठेवतो. ऑनलाइन पैसे भरल्याची खूण म्हणून ती सवय लागली आहे. त्या फाइलींची माहिती उघडली तर जून 2024 पर्यंतच्या प्रत्येक चित्राचे माप 1920 गुणिले 1080 होते आणि सप्टेंबरपासूनच्या प्रत्येकाचे 1366 गुणिले 768. कुणीही लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी एक स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवून ठेवावा आणि परत आल्यावर दुसरा काढून दोहोंची मापे जुळतात का ते दुकानातच पाहावे, याला एक मिनिटही लागत नाही.

आणि तो इन्व्हर्टर. जुन्या लॅपटॉपांच्या पडद्यामागे पाऱ्याची वाफ असलेली बारीक नळी असे, तिला शेकडो व्होल्टचा दाब लागत असे आणि तो देणारी छोटी पट्टी म्हणजे इन्व्हर्टर. पडद्यामागे एलईडी आल्यावर नळी गेली आणि तिच्याबरोबर इन्व्हर्टरही गेला. 2019 च्या माझ्या यंत्रात तो असणेच शक्य नव्हते, म्हणजे जो भाग मुळात नव्हता त्याच्या दुरुस्तीचे मी 1,800 रुपये मोजले. अलीकडच्या लॅपटॉपसाठी कुणी इन्व्हर्टरचे पैसे मागितले, तर यंत्र उचलून तिथून निघावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक अंधुक पडदा मोडलेला असतो असेही नाही. बॅटरी उतरली की विंडोज आपण होऊन उजेड कमी करते. झाकण मिटल्याचे ओळखणारा सेन्सर चुंबकावर चालतो, त्यामुळे मोबाइलच्या चुंबकी पाकिटाजवळ ठेवलेला लॅपटॉपही अंधारू शकतो. माझ्याकडून म्हापशाला गेलेल्या एका शिक्षिकेच्या बाबतीत फक्त उजेड कमी करण्याचे सेटिंग सुरू होते, आणि त्याचे त्यांनी 600 रुपये दिले, हे त्यांनी मला नंतर हसत सांगितले. मला हसू आले नाही.

जानेवारीत मी आणि भाचा त्या दुकानात गेलो. आवाज न चढवता केबलचा जुना तुकडा, मूळ बिल, वहीच्या कागदाची पावती आणि दोन स्क्रीनशॉट त्याच्यासमोर ठेवले. इन्व्हर्टरचा विषय निघताच त्याने वाद न घालता 1,800 रुपये काढून दिले; ते “पोरान चुकून लावले” असे म्हणाला, पण दुकानात तो एकटाच होता. पडद्याबद्दल मात्र ठाम होता की जसा होता तसाच बसवला. काढलेला पडदा माझा होता, तो कुठे आहे असे मी विचारले. त्याने गल्ल्याखालचा लांबट खण ओढला. फोमच्या तुकड्यांत एकावर एक रचलेले दहा-बारा पडदे होते, कशावरही गिऱ्हाइकाचे नाव नव्हते. “सर, यांतला तुमचा कोणता ते सांगा आणि घेऊन जा,” तो शांतपणे म्हणाला. मूळ पडद्याचा क्रमांक मी कधी टिपून ठेवला नव्हता. आम्ही दोघे मिनिटभर त्या खणाकडे बघत उभे राहिलो आणि त्याने तो परत लोटला.

नंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानाकडून उत्तर आले नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सेवेचे बिल न देणे हीदेखील अनुचित व्यापार प्रथा ठरते, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही. त्यानुसार उरलेल्या 7,200 रुपयांसाठी मी उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. त्याला भाच्याने काढलेला पडद्यामागच्या क्रमांकाचा फोटो आणि फाटलेल्या केबलचा, पिवळ्या पट्टीसकट, फोटो जोडला आहे.