बीमिश म्युझियम: आई-बाबा इंग्लंडला आले तर लंडनच्या आधी इथे न्या

इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसल आणि डरहमच्या मधे बीमिश नावाचं गाव आहे, तिथलं हे ओपन-एअर म्युझियम. २०२५ ला ह्याला ब्रिटनचा म्युझियम ऑफ द इयर पुरस्कार मिळाला तेव्हापासून इथले बरेच मराठी लोक विचारतायत की जावं का, लहान मुलं बोअर होतील का वगैरे. मुलांचं सोडा हो, ती ट्राममधेच खूश होतात. ही जागा खरी आहे आपल्या आई-बाबांच्या वयाच्या लोकांसाठी.

म्हणजे बघा, काचेच्या कपाटातल्या तलवारी, राजाची खुर्ची, हे इथे काही नाही. १९७० मधे फ्रँक अ‍ॅटकिन्सन ह्या माणसाने हे सुरू केलं, त्याने त्याआधी स्कँडिनेव्हियातली अशी म्युझियम बघितली होती, आणि इकडे तर कोळशाच्या खाणी बंद पडायला लागलेल्या, जुनी घरं पाडली जात होती, तर त्याने लोकांना सांगितलं की जे द्याल ते घेतो. आणि लोकांनी अक्षरशः दुकानंच्या दुकानं, रेल्वे स्टेशन, शाळा, सगळं दिलं! ते सुटं करून आणून परत उभं केलंय. आत माणसं जुन्या काळाच्या कपड्यात खरंच कामं करत असतात, कोणी चूल पेटवतंय, कोणी मिठाईच्या गोळ्या बनवतंय, आणि तुम्ही सरळ घरात शिरून गप्पा मारायच्या.

आमचे बाबा घुग्घुसचे, चंद्रपूरकडचे. आजोबा तिथल्या कोळशाच्या खदानीत होते. त्यामुळे आम्ही १९०० च्या काळातलं गाव म्हणून उभारलेल्या टाऊनमधे न रमता सरळ खाणकामगारांच्या वस्तीत गेलो आणि तिथेच अर्धा दिवस गेला. फ्रान्सिस स्ट्रीट म्हणून एका ओळीत छोटी घरं आहेत, कंपनीची, नोकरी आहे तोवर घर. एक घर मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) कुटुंबाचं, एक आयरिश कॅथलिकांचं, एक खाणकामगाराच्या विधवेचं. प्रत्येकात कोळशाची मोठी काळी चूल, तिच्यातच ओव्हन. आईने आत जाऊन पहिला प्रश्न काय विचारला, तर राख कधी काढता. मग त्या घरात काम करणाऱ्या बाई आणि आई, मी मधे ट्रान्सलेटर, कोळसा कसा रचायचा ह्यावर बराच वेळ. त्या बाई जुन्या कपड्यांच्या चिंध्या गोणपाटात खोचून चटई बनवत होत्या, आपल्या गोधडीचीच बहीण, आईने ती उलटी करून मागची बाजूसुद्धा तपासली. इथल्या कामगारांना पगाराशिवाय घरच्यासाठी कोळसा मिळायचा हे ऐकून बाबा म्हणाले आपल्याकडेपण मिळायचा की, सिगडीला तोच असायचा.

खाण खरी आहे बरं का, महोगनी ड्रिफ्ट (ड्रिफ्ट म्हणजे उतरत्या बोगद्यातून चालत आत जायची खाण), १८५५ ची, मुद्दाम बनवलेली नाही. हेल्मेट घालून वाकत जायचं, छत भलतंच खाली आहे, गुडघे-पाठ दुखत असेल तर नका जाऊ. वर त्याच साली बनवलेलं वाफेचं वाइंडिंग इंजिन, म्हणजे खाणीतून माणसं आणि कोळसा वर-खाली करणारं यंत्र आहे. १९१३ ला एकट्या डरहम काउंटीत दीड लाखाच्या वर माणसं आणि पोरं खाणीत होती. बाबा गाईडला एवढे प्रश्न विचारत होते की मागची मंडळी ऐकायला थांबली, आणि शेवटी तो गाईडच बाबांना घुग्घुसबद्दल विचारायला लागला.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, सगळं बरोबर आहे, फक्त इथे कोणी खोकत नाही. मला वाटतं म्युझियमवर ह्याच्याहून नेमकी टीका होणार नाही. जरा जास्तच स्वच्छ आणि आनंदी आहे सगळं, धूळ आणि आजारपण तुमचं तुम्ही डोक्यात भरायचं.

टाऊनमधे डेंटिस्टचं घर सोडू नका, पायाने चालवायचं ड्रिल आहे, आणि तेव्हा मुलींना लग्नाआधी भेट म्हणून सगळे दात काढून कवळी बसवून द्यायचे हे ते अगदी शांतपणे सांगतात. मिठाईच्या दुकानात गोळ्या समोर बनवतात. को-ऑप स्टोअर, म्हणजे ग्राहकांचंच सहकारी दुकान, पण मस्त. १९५० च्या काळातलं दुसरं टाऊन मला तितकं भावलं नाही, तिथल्या काही इमारती नव्याने बांधलेल्या प्रतिकृती आहेत आणि ते जाणवतं, पण सिनेमा थिएटर बघून घ्या.

खाण्याचं नीट वाचा: वस्तीतल्या डेव्हीज ह्या दुकानातले फिश अँड चिप्स कोळशाच्या भट्टीवर गाईच्या चरबीत तळतात, जुनी पद्धत आहे ती, म्हणजे नुसते चिप्स घेतले तरी शाकाहारी नाहीत. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती, बाकावर बसून खाल्ली.

जागा साडेतीनशे एकर आहे, चढउतार आहेत, दगडी रस्ते आहेत. ट्राम आणि जुन्या बस फिरत असतात, फुकट, पण बूट चांगले घाला आणि छत्रीपेक्षा रेनकोट बरा. तिकीट महाग वाटेल पण वर्षभर चालणारा पास घेता येतो. हिवाळ्यात काही भाग बंद असतात, जायच्या आधी वेबसाईट बघा, आणि सकाळी उघडताच पोचून आधी खाण उरका.