रिव्हेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रिव्हेट, म्हणजे कणभौतिकीतल्या जनरेटरचे (कणांच्या टकरी संगणकावर घडवणाऱ्या प्रोग्रॅमचे) निकाल प्रयोगातल्या मोजमापांशी ताडून बघायचं साधन, वापरायला लागून आठ महिने झाले. त्याआधी पिथिया 8 या जनरेटरमधून निघालेले इव्हेंट (एकेका टकरीच्या नोंदी) मी स्वतःच्या कोडमधून गाळायचे आणि शोधनिबंधातल्या आलेखाशी ताडून बघायचे. जुळलं नाही तर मॉडेल चुकलं की माझा कट, म्हणजे इव्हेंट निवडायची अट, हे काही केल्या कळायचं नाही.

रिव्हेटमध्ये विश्लेषणाचा कोड बऱ्याचदा मोजमाप करणाऱ्या गटाकडूनच आलेला असतो आणि मोजलेले आकडे हेपडेटा या मोजमापांच्या सार्वजनिक साठ्यावरून घेतलेले असतात. अ‍ॅटलासचं (सर्नमधल्या प्रयोगाचं) 2014 चं झेड बोसॉनच्या आडव्या, म्हणजे झोताला काटकोनातल्या, संवेगाचं मोजमाप घ्या, 7 टीईव्ही ऊर्जेच्या टकरींमधलं. अटी अशा: लेप्टॉनचा (इथे झेडपासून निघालेल्या इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑनचा) आडवा संवेग 20 जीईव्हीच्या वर, स्यूडोरॅपिडिटी (झोताशी असलेल्या कोनाचं माप) 2.4 च्या आत, जोडीचं वस्तुमान 66 ते 116 जीईव्ही. एवढं निबंध वाचूनही जमतं. मेख आहे 'ड्रेस्ड' लेप्टॉनमध्ये: लेप्टॉनभोवती 0.1 च्या शंकूतले फोटॉन पुन्हा त्याच्यात मिळवायचे असतात. माझ्या जुन्या कोडमध्ये ते नव्हतं. फोटॉन गमावलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोडीचं वस्तुमान कमी भरायचं आणि काही चांगले इव्हेंट कटाखाली जायचे. कितीतरी दिवस मी त्याचा दोष पार्टन शॉवरला (जनरेटरमधल्या क्वार्क-ग्लुऑन फुटत जाण्याच्या हिशोबाला) देत होते.

रिव्हेट जनरेटरच्या पोटात डोकावत नाही, हे मला सगळ्यात पटलं. नोंदीत झेड लिहिलाय का, हे इथलं विश्लेषण विचारत नाही. शेवटी उरलेले कण बघून झेड उभा करतं. म्हणूनच तोच कोड हरविग आणि शेर्पा या दुसऱ्या जनरेटरलाही लागू पडतो.

लाखभर इव्हेंटची हेपएमसी फाइल (इव्हेंट साठवायचा ठरलेला साचा) कित्येक गीगाबाइट जागा खाते. ती डिस्कवर लिहूच नका. मेकफिफो या कमांडने नामित पाइप (डिस्कवर न साठवता एका प्रोग्रॅमचा मजकूर दुसऱ्याला देणारी वाट) करा, एका बाजूने जनरेटर ओततो, दुसरीकडून रिव्हेट वाचतो. हाती उरते ती छोटीशी योडा फाइल, म्हणजे रिव्हेटने काढलेले आलेखांचे आकडे.

आता सावध राहायची जागा. एकदा दहा जॉब एकदम सोडले आणि त्यांच्या योडा फाइली एकत्र केल्या. शेपटाकडे, जास्त संवेगाच्या बिनमध्ये (आलेखाच्या कप्प्यात), ठसठशीत उंचवटा दिसला, त्रुटीपट्ट्या अगदी बारीक. दोन दिवस त्याचा अर्थ लावत बसले. मग लक्षात आलं, की मी सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा, दिलाच नव्हता. पिथिया अशा वेळी 19780503 हा ठरलेला सीड घेतो, म्हणजे दहाही जॉबनी तेच इव्हेंट काढले होते. फाइली जोडताना ते स्वतंत्र धरले गेले, त्रुटी वर्गमूळ दहाच्या पटीत घटली आणि योगायोगाने आलेला चढ खरा वाटू लागला. जोडणाऱ्या प्रोग्रॅमला हे कळायला मार्गच नसतो.

रिव्हेट सोर्स कोडमधून बसवताना हेपएमसी, फास्टजेट (जेट, म्हणजे एकाच दिशेने निघालेल्या कणांचे पुंजके, शोधणारी लायब्ररी) आणि योडाच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळवणं जिकिरीचं जातं. नवख्याने सरळ डॉकर इमेज (सगळं आधीच बसवलेला तयार संच) घ्यावी. प्रत्येक विश्लेषणाच्या माहितीत ते पडताळलेलं आहे की नाही याची नोंद असते, ती आधी वाचा. आणि आलेखाखालच्या, मॉडेल भागिले मोजमाप दाखवणाऱ्या गुणोत्तराच्या पट्टीत रेषा त्रुटीच्या आत बसली म्हणून लगेच समाधान मानू नका: शेजारच्या बिनांच्या त्रुटी बहुधा एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि नुसत्या आलेखात ते दिसत नाही.

सध्या मी झेडसोबत जेट असलेली मोजमापं लावून बघते आहे, तिन्ही जनरेटरवर. सीड आता प्रत्येक योडा फाइलच्या नावातच असतो.