१५०-६०० लेन्स, तोक्योचा वसंत आणि एक हूड : काही महिन्यांच्या वापरानंतर

लेन्स चांगली आहे. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढचा बराचसा मजकूर हूडबद्दल, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायच्या प्लास्टिकच्या नळकांड्याबद्दल आहे आणि तो वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. १५० ते ६०० मिलिमीटरची झूम, एफ ५ ते ६.३ (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), वजन दोन किलोच्या आसपास, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच. भिंतीचे आणि छापील तक्त्यांचे फोटो काढून झालेली परीक्षणंही पुष्कळ आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, सर्व्हिस सेंटरशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

आयुष्यात पहिल्यांदा लेन्स कोरी घेतली. एरवी आपला सगळा कारभार सेकंडहँड. पण इथला जून-जुलैचा पावसाळा दमट, जुन्या लेन्सच्या काचेत बुरशी निघण्याची भीती, आणि कोऱ्या लेन्सला वर्षाची वॉरंटी. त्या वॉरंटीसाठी जास्तीचे पैसे मोजले, हे लक्षात असू द्या.

राहतो निशि-कसाईला, म्हणजे तोक्योतल्या आपल्या लोकांच्या वस्तीत. तिथून कसाई रिन्काई पार्क सायकलच्या अंतरावर. पुढचा चिखलाचा पट्टा २०१८ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पूर्वेचा किनारा पक्ष्यांसाठी राखीव, तिथं माणसाला मज्जाव. पश्चिमेचा किनारा पूल ओलांडून गेलं की सगळ्यांना खुला. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत ऑस्ट्रेलियाकडून सैबेरिया-अलास्काकडे निघालेले पाणपक्षी इथं उतरतात, खातात आणि पुढे जातात.

उरण-शिवडीला पक्षी पाहिलेल्यांना यातल्या बऱ्याच जाती ओळखीच्या वाटतील. फरक कपड्यांचा. आपल्याकडे हे पाहुणे हिवाळ्यात येतात तेव्हा बहुतेक सगळे राखाडी, आणि पुस्तक उघडून भांडण्यातच सकाळ जाते. इथं ते विणीच्या पिसाऱ्यात असतात. हामाशिगी, म्हणजे डनलिन, पोटावर काळा ठसा घेऊन फिरतो. मेदाइचिदोरी हा चिखल्या छातीवर विटकरी पट्टा मिरवतो. क्योजोशिगी, म्हणजे टर्नस्टोन, काळा-पांढरा-तांबूस असा काही रंगलेला असतो की हाच पक्षी कोकणात खडकावर बघितला होता यावर विश्वास बसत नाही. ही लेन्स घ्यायचं खरं कारण हे. दुर्बिणीतून रंग दिसतात, घरी नेता येत नाहीत.

आता हूड.

तो लेन्सवर फिरवून बसवायचा असतो. आतल्या कडेला प्लास्टिकचा एक दात आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. तो खाचेत बसला की ‘टक्’ आवाज येतो. पार्कातल्या पक्षी-उद्यानात लाकडी आडोसे आहेत आणि त्यांना आडव्या फटी. फटीतून लेन्स घालायची तर हूड काढावा लागतो. बाहेर आलं की पुन्हा लावायचा, कारण समोर पाणी, वर ऊन आणि शेजारी कुणाचं तरी वाळू उडवणारं पोर. दर फेरीला चार-पाच वेळा काढ-घाल. मार्च संपेपर्यंत ‘टक्’चा ‘टुक्’ झाला. एप्रिलमध्ये तोही गेला आणि हूड आपल्या मनानं फिरू लागला. नखानं चाचपलं तर दाताचं टोक गुळगुळीत. खाचेच्या कडेला पांढरट भुकटी जमलेली, म्हणजे दात झिजून तिथं साठला होता.

मग एका सकाळी पुलावर लेन्स खांद्यावरून खाली घेताना हूड सुटला, कठड्याच्या फटीखालून गेला आणि पाण्यात. ओहोटी लागलेली होती, त्यामुळे तो तोक्योच्या खाडीकडे निघालेला मला बराच वेळ दिसत राहिला. जपानमध्ये रस्त्यावर कागद टाकायची सोय नाही आणि मी खाडीत प्लास्टिकचं अख्खं नळकांडं सोडलं, याचाच त्रास जास्त झाला.

सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी लेन्स दोन्ही हातांनी मखमली ताटात घेतली, दिव्याखाली धरली, आत नेली, बाहेर आणली, आणि लेन्स उत्तम स्थितीत असल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. हूड मात्र वॉरंटीत बसत नाही, तो झिजणारा भाग आहे. झिजणारा भाग चार महिन्यांत झिजतो का, असं विचारलं. त्या अतिशय वाईट वाटल्याच्या चेहऱ्यानं वाकल्या. नवा हूड मिळेल का? सध्या साठा नाही, कधी येईल ते निश्चित नाही. लेन्सवरची खाच तरी तपासा म्हटलं, तर तपासणीचे पैसे पडतील आणि त्याचा अंदाज या कागदावर. इथं आवाज चढवायला जागाच नसते. पुण्यात असतो तर निदान समोरच्यानंही दोन शब्द सुनावले असते आणि मोकळं वाटलं असतं. इथं मी चिडलो की तेच माफी मागतात, आणि बाहेर पडल्यावर हातात काहीच नसतं. त्यानंतर तीन ईमेल झाल्या. तिन्ही उत्तरांचा पहिला परिच्छेद शब्दशः सारखा आहे.

शेवटी एका माणसानं ऑनलाइन विकायला काढलेला, कडेला चरे पडलेला हूड निम्म्या किमतीत घेतला. सायकलची जुनी ट्यूब घरात होती. तिची दोन बोटं रुंद गोल पट्टी कापली आणि लेन्स-हूडच्या सांध्यावर चढवली. हलत नाही, गळत नाही, पावसाचं पाणीही आत जात नाही. खर्च शून्य. बायको म्हणाली, एवढ्या महागाच्या वस्तूला पंक्चरवाल्याचा पट्टा लावलास! पुढच्याच रविवारी किनाऱ्यावरच्या एका आजोबांनी तो पट्टा कुठल्या दुकानात मिळतो हे विचारलं.

हे सगळं लिहून दोन तारे द्यायचे असं ठरवलं होतं. त्यात फोटोही मऊ येत होते. सहाशेला नेलं की व्हिम्ब्रेल या पाणपक्ष्याची वाकडी चोच कडेला विरघळल्यासारखी. पण मग फोटो तारीख-वेळेप्रमाणे लावून बघितले आणि मत बदललं. ढगाळ दिवसाचे सगळे तीक्ष्ण. उन्हाच्या दिवशी सकाळी लवकर काढलेले बरे, दहानंतरचे सगळे वाया. ओला चिखल तापला की वरची हवा थरथरते, आणि दीडशे मीटर थरथरत्या हवेतून कुठल्याही किमतीची काच तेच दाखवणार. त्या वेळी सहाशे मिलिमीटर निरुपयोगी, पक्षी जवळ येणं हाच उपाय. यात लेन्सचा दोष नाही. तारे दोनावरून साडेतीन.

पक्षी जवळ यायचे तर भरतीचं गणित हवं. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार मागे जातं आणि पक्षी त्याच्या मागे ठिपक्यांएवढे होतात. भरती चढायला लागली की तेच पाण्याच्या रेघेबरोबर पायाशी येतात. तोक्योच्या खाडीत वसंतातली मोठी ओहोटी भर दिवसा लागते. म्हणून याच दिवसांत अख्खं शहर फणी आणि बादली घेऊन शिंपल्या वेचायला लोटतं. आपल्याकडे तिसऱ्या काढतात तेच, फक्त इथं टोप्या छान असतात. या गर्दीत पक्षी टिकत नाहीत. सुट्टीच्या दिवशी पश्चिम किनाऱ्यावर जाऊन उपयोग नाही, आणि पूल सकाळी नऊला उघडतो. त्यापेक्षा तोक्योच्या पूर्वेला नाराशिनो शहरातलं यात्सु-हिगाता गाठा. चाळीसेक हेक्टरचा चिखल, चारी बाजूंनी इमारती आणि हायवे, १९९३ पासून रामसर. चिखलात कुणी उतरत नाही, कडेनं चालायला वाट आहे. खाडीशी दोन अरुंद कालव्यांनी जोडलेलं असल्यानं तिथली भरती-ओहोटी खाडीच्या मागून येते. कसाईचं वेळापत्रक तिथं चालवू नका.

यात्सुलाच ते घडलं ज्यासाठी या लेन्सला अर्धा तारा आणखी देतोय. मेच्या पहिल्या पंधरवड्यात टोउनेनचा थवा आला होता. रेड-नेक्ड स्टिंट. तीसेक ग्रॅमचा तुतवार, विणीच्या काळात गळा तांबडा. ढगाळ हवा, पाणी चढतंय, थवा शिवणयंत्राच्या सुईसारखा चिखल टोचत पुढे येतोय. मी नेहमीप्रमाणे शटर दाबून ठेवलेलं. शेजारी मोठी नळी लावून बसलेले आजोबा हळूच म्हणाले, “फ्लॅग, फ्लॅग.” मला काही दिसलं नाही. पडद्यावर फोटो मोठा केला, तर एका पक्ष्याच्या उजव्या पायात, गुडघ्यासारख्या सांध्याच्या वर, नारिंगी प्लास्टिकचा इवला तुकडा. त्याला चिखलाचा शिंतोडासुद्धा लागलेला दिसत होता. नारिंगी म्हणजे ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य. पक्ष्यांच्या या स्थलांतराच्या मार्गावर प्रत्येक ठिकाणाला आपापले रंग दिलेले आहेत. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाचा पांढरा. म्हणजे हे तीस ग्रॅम दक्षिण गोलार्धाच्या खालच्या टोकाकडून उडत आलेलं, आणि अजून सैबेरिया बाकी. आजोबांनीच सांगितलं की अशी नोंद आबिकोच्या यामाशिना पक्षीसंशोधन संस्थेला कळवायची असते. कळवली. तीस ग्रॅमच्या पक्ष्याच्या पायातला रंग ओळखू येईल असा फोटो माझ्या आधीच्या लेन्समधून निघाला नसता, हे हूड कितीही बुडाला तरी मान्य.

आता जंगल. इथं मात्र कौतुक संपतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिण-पूर्व आशियातून माशीमार येतात. किबिताकी, काळा-पिवळा, गळा नारिंगी. ओओरुरी, गर्द निळा, जपानच्या तीन नावाजलेल्या गायकांपैकी एक. ताकाओ डोंगर शिंजुकूहून केइओ लाइननं तासाभरावर. उंची ५९९ मीटर, म्हणजे माझी लेन्स आकड्यात एकानं पुढे. पण तिथल्या झाडीत एफ ६.३ म्हणजे अंधार. किबिताकी मधल्या फांदीवर बसतो, पानं फुटलेली, सूर्य वर कुठेतरी. शटर सेकंदाच्या एकशेसाठांशावर आणलं तरी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० वर न्यावी लागते, आणि पिवळा रंग रवाळ होतो. एफ ४ लेन्सवाला शेजारी तेव्हा सव्वा स्टॉपनं, म्हणजे दुपटीहून जास्त उजेडानं सुखी असतो. त्याच्या लेन्सच्या किमतीत माझं वर्षभराचं घरभाडं निघेल, म्हणून त्याच्याकडे बघायचं नाही. ओओरुरीचा प्रश्न वेगळा. तो सर्वांत उंच शेंड्यावर बसून गातो आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला पांढरं पोट दाखवतो. पायवाट कड्याच्या बाजूनं जाते तिथं शेंडा आपल्या डोळ्यासमोर येतो. तिथं थांबा, निळा तिथंच मिळतो. त्याहून सोपं, हे पक्षी डोंगर गाठण्याआधी दोन-चार दिवस शहरातल्या बागांत थांबतात. उजेड बरा, फांद्या खाली. ओसाका किल्ल्याची बाग तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

मेमध्ये सान्कोचो येतो. आपल्या स्वर्गीय नर्तकाचा जपानी भाऊ, पाठ जांभळट काळी, डोळ्याभोवती निळं कडं आणि लांब शेपूट. सुगी या जपानी सूचिपर्णी झाडांच्या दाट अंधाऱ्या रानात राहतो. ‘होई-होई-होई’ ऐकू येतं, फोटो येत नाही. आला तो माझा शेपटीचा. इथं एक बोलून घेतो. याच्या घरट्याची जागा कळली की तिपायांची रांग लागते. फांद्या बाजूला बांधणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिलेत. १९३४ साली स्थापन झालेली जपानची वन्यपक्षी संघटना घरट्याचे फोटो काढू नका, दाखवू नका असं सांगत असते. आपले काही लोकही त्या रांगेत दिसतात. जागा कुणी विचारली तर सांगू नका, वाईट दिसलं तरी चालेल.

झूम लॉक फक्त दीडशेवर काम करतो, चालताना नळी पुढे घसरत नाही. तिपाईला जोडायचा लेन्सखालचा पाय हातात धरायला बरा. मॅन्युअल फोकसची कडी चुकून फिरते. स्टॅबिलायझर उत्तम. कोआजिसाशी, म्हणजे लिटल टर्न, पाण्यात सूर मारतो तेव्हा ऑटोफोकस दहातून सहा वेळा पकडतो, मला पुरे. स्टेशनच्या छताखाली, विष्ठा अंगावर पडू नये म्हणून फळी ठोकलेल्या घरट्यातल्या पाकोळ्यांसाठी मोबाईल वापरा. तिथं दोन किलोचं नळकांडं रोखलं की लोक रांग सोडून बघायला लागतात.

एकूण तारे चार. खाडीकिनाऱ्यावरच्या पक्ष्यांसाठी डोळे मिटून घ्या, आणि पहिल्याच दिवशी हूडच्या सांध्यावर रबरी पट्टा चढवा. जंगलातल्या माशीमारांसाठी घेऊ नका. तिथं दोन-तीन दिवसांपुरती एफ ४ भाड्यानं आणा, हिशेब स्वस्तात बसतो. फक्त गोल्डन वीकचं, म्हणजे एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीच्या सलग सुट्ट्यांचं, बुकिंग मार्चमध्येच करून ठेवा. एप्रिलमध्ये विचारायला गेलात तर दुकानात तिपाई तेवढी शिल्लक असते.