नोकरी गेली की इन्शुरन्सचं काय? कोब्रा घ्यायचा की मार्केटप्लेस?

गेल्या ऑगस्टमधे नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा मला सगळ्यात आधी आठवला तो माझा गुडघा. जूनमधे ऑपरेशन झालेलं, आठवड्यातून दोनदा फिजिओ चालू, आणि एचआरच्या मेलमधे एवढीच ओळ की कव्हरेज महिनाअखेरीला संपेल. तेव्हापासून इथे टेक्सासमधे ओळखीत कोणाचाही लेऑफ झाला की फोन मला येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

कोब्रा म्हणजे तोच ऑफिसचा प्लॅन, फक्त कंपनी भरत होती तो वाटाही आता आपल्या खिशातून, आणि वर २ टक्के कागदपत्रांचे म्हणून. पगारातून ५०० डॉलर कापले जायचे तिथे चौघांचं महिन्याला २१०० चं बिल आलं. नवरा म्हणाला, हा इन्शुरन्स आहे की दुसऱ्या घराचा हप्ता.

तरी आम्ही कोब्राच घेतला. कारण ऑपरेशनमुळे डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) तर संपलेलंच, शिवाय वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त जेवढे भरायचे असतात तेही भरून झाले होते, त्यामुळे डिसेंबरपर्यंत फिजिओ, एमआरआय सगळं फुकट. मार्केटप्लेसवर, म्हणजे सरकारी साइटवर स्वतः प्लॅन विकत घेतात तिथे, गेलो असतो तर सप्टेंबरला मीटर शून्यावर आणि जानेवारीत पुन्हा शून्यावर. वर आमच्या काउंटीत तिथे पीपीओ (यादीबाहेरचे डॉक्टरही चालतात असा प्लॅन) एकही नाही, सगळे एचएमओ (फक्त त्यांच्या यादीतले डॉक्टर), म्हणजे अर्ध्यातून नवा फिजिओ शोधा. पण हेच फेब्रुवारीत झालं असतं आणि घरात सगळे धडधाकट असते तर २१०० भरण्यात काही अर्थ नव्हता, सरळ मार्केटप्लेस. म्हणजे आधी कॅलेंडर बघा आणि डिडक्टिबल किती भरून झालंय ते बघा, हप्ता नंतर.

मुदतीतही फरक आहे. कोब्राला ६० दिवस, आणि ते कोब्राचं पत्र आल्यापासून किंवा कव्हरेज संपल्यापासून, जे उशिरा असेल तिथून. मधल्या काळात काही झालं तर नंतर घेऊनही तो मागच्या तारखेपासून लागू होतो, फक्त मागचे सगळे हप्ते भरायचे. त्यामुळे बरेच जण पत्र ड्रॉवरमधे ठेवून देतात आणि पोरगं सायकलवरून पडलं तरच बाहेर काढतात. मार्केटप्लेसला पण ६० दिवस, पण ते कव्हरेज संपल्यापासून, आणि प्लॅन निवडला की पुढच्या १ तारखेपासून, मागचं काही मिळत नाही. आणि खरी मेख ही की कोब्रा घेऊन चार महिन्यांनी परवडत नाही म्हणून सोडलात तर तेवढ्यावर मार्केटप्लेसचं दार उघडत नाही, ओपन एनरोलमेंटपर्यंत (वर्षातून एकदा सगळ्यांना प्लॅन घेता येतो तो काळ) थांबा नाहीतर कोब्राचे १८ महिने संपू द्या.

आता सबसिडी, म्हणजे मार्केटप्लेसच्या हप्त्याला मिळणारी सरकारी मदत, इथे आमच्यासारखे हमखास फसतात. २०२१ ते २०२५ उत्पन्न जास्त असलं तरी थोडीफार मदत मिळायची, ती वाढीव सबसिडी २०२५ बरोबर संपली आणि जुना कडा, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा, परत आला. २०२६ साठी चौघांच्या घराला १,२८,६०० डॉलर, दोघांना ८४,६००, एकट्याला ६२,६००. त्याच्यावर एक डॉलर गेला की सबसिडी शून्य, आणि वर्षभर घेतलेली सगळी टॅक्स भरताना परत. कमी उत्पन्नवाल्यांना परतफेडीला मर्यादा असायची, २०२६ पासून तीही काढून टाकली.

जानेवारीत आम्ही मार्केटप्लेसवर आलो तेव्हा मी उत्पन्न १ लाख २२ हजार धरून निवांत होते. मग टॅक्सचे कागद काढताना लक्षात आलं की एनआरई एफडीचं (परदेशातल्या भारतीयांच्या भारतातल्या ठेवीचं) व्याज धरलेलंच नाही, भारतात टॅक्स फ्री म्हणून डोक्यातच येत नाही, पण इथे ते धरतात, आणि कोथरूडच्या फ्लॅटचं भाडंसुद्धा, खर्च वजा करून. बेरीज १ लाख ३१ हजार! कपाळावर हात मारला. सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देते ते पैसे) आणि बेकारी भत्ताही ह्यात मोजतात हे लेऑफवाल्यांनी लक्षात ठेवा.

आम्हाला वाचवलं ब्राँझने, म्हणजे मार्केटप्लेसच्या खालच्या पायरीच्या प्लॅनने, सिल्वर आणि गोल्ड त्याच्या वरच्या पायऱ्या. २०२६ पासून मार्केटप्लेसचे सगळे ब्राँझ प्लॅन एचएसएला (औषधपाण्यासाठी पैसे ठेवायचं टॅक्स वाचवणारं खातं) चालतात, फॅमिलीला वर्षाला ८,७५० टाकता येतात आणि तेवढं उत्पन्न हिशेबातून कमी होतं. आम्ही परत कड्याच्या आत. पण ब्राँझ म्हणजे आजारी पडलात की पहिले कित्येक हजार तुमचेच, २०२६ ची खिशातून भरायची कमाल मर्यादा फॅमिलीला २१,२०० आहे, तेवढा फटका झेपणार असेल तरच घ्या.

चौघांचं उत्पन्न ८० हजाराच्या आत असेल तर मात्र ब्राँझकडे बघूच नका, सिल्वर घ्या, कारण डिडक्टिबल आणि कोपे (डॉक्टरच्या दर भेटीला आपण भरायची रक्कम) कमी करून मिळतात ते फक्त सिल्वरवरच, आणि उत्पन्न जितकं कमी तितके जास्त कमी होतात. त्याच्यावर उत्पन्न असेल तर सिल्वर बहुतेकदा मधल्यामधे लटकतो, टेक्सासमधे तर गोल्ड कधी कधी सिल्वरपेक्षा स्वस्त दिसतो, वेबसाइटची चूक वाटते पण नसते.

एच-१बी वाल्यांसाठी वेगळं. मार्केटप्लेसवर विकत घेता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून सबसिडी मिळणार नाही, ग्रीन कार्डवाल्यांना मिळेल. म्हणजे पुढच्या वर्षी लेऑफ झाला तर कोब्रा आणि पूर्ण किमतीचा प्लॅन अशी तुलना करायची. आणि गुगलवर नंबर शोधून फोन करू नका, मी एकदा केला तर दिवसभरात तीसेक कॉल आले, सगळे अर्धवट कव्हरचे प्लॅन गळ्यात मारणारे. हेल्थकेअर डॉट गव्ह वरच जा, जर्सी आणि कॅलिफोर्नियाची स्वतःची साइट आहे.

ज्यांचा प्लॅन आधीच चालू आहे त्यांनीही आपोआप रिन्यू होईल म्हणून बसू नका, तो जुन्याच उत्पन्नावर होऊ शकतो. २०२७ साठी हेल्थकेअर डॉट गव्हची मुदत १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर, पूर्वीसारखी १५ जानेवारीपर्यंत नाही. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, मी चकल्या झाल्या की लॅपटॉप उघडणार आहे, गुडघा फार वेळ उभं राहू देत नाहीच.